सर्टिफिकेटवाले देवमनदादा

देवमनदादा शेतात आले की आधी वाऱ्याची चौकशी करत, माणसांची मग. बांधावर उभं राहायचं, वाकून चिमूटभर माती उचलायची, बोटांतून सोडायची आणि ती कुठं जाते ते डोळे बारीक करून पाहायचं. आपण चहाचा कप पुढं केलेला असायचा, तो तसाच निवत राहायचा.

"थांब बे, त्याले विचारून राह्यलो न," असं म्हणत. 'त्याले' म्हणजे वाऱ्याला.

वारा बरा असला तर चहा. वारा बरा नसला तरी चहाच, पण मग पंप न उचलता परत घरी. फवारणी सुरू झाल्यावर मात्र साबणानं कोपरापर्यंत हात धुतल्याशिवाय तोंडात पाण्याचा थेंबही जायचा नाही. तंबाखूची पुडी ते घरी ठेवून येत. घामाचे कपडे बायकोला धुवू देत नसत. कमलवहिनी एकदा हात घालायला गेल्या तर एवढ्या जोरात ओरडले की वहिनींना वाटलं, बादलीत साप आहे. "सापाचं बरं असते," दादा म्हणाले, "दिसते तरी."

पिंपळगाव राजाच्या अलीकडचं आमचं गाव. कपाशी, सोयाबीन, तूर, आणि सगळ्यांवर फवारणी. अख्ख्या गावात फवारणीचं सर्टिफिकेट असलेला माणूस एकच, देवमनदादा. त्यांच्या स्वतःच्या नावावर दोन एकर खडकाळ जमीन होती, आणि दुसऱ्यांच्या शेतात पंप मारण्याचा वीस वर्षांचा अनुभव. त्यातली पहिली सोळा वर्षं त्यांनी उघड्या अंगानं, तोंडाला दुपट्टा बांधून काढली. काडीनं औषध ढवळायचं, काडी सापडली नाही तर हातानं. सगळेच तसं करत. मग त्यांचा धाकटा भाऊ प्रल्हाद एका ऑक्टोबरच्या उन्हात, डोक्याच्या वर गेलेल्या कपाशीत फवारता फवारता खाली बसला. लोकांना वाटलं बिडी ओढतोय. तो उठलाच नाही.

त्यानंतर कृषी खात्याचं तीन दिवसांचं प्रशिक्षण लागलं, तेव्हा गावातून नाव देणारे दादा एकटेच. बाकीचे म्हणाले, फवारणं काय शिकायचं असतं? मीही म्हणालो. मी बी.ए. झालेला शेतकरी. म्हणजे बी.ए. असून नोकरी लागली नाही, आणि बी.ए. असल्यामुळे शेतीही धड आली नाही. अशा माणसाला मत देण्याशिवाय दुसरं काम नसतं.

दादा सर्टिफिकेट घेऊन आले. त्याला प्लास्टिकचं आवरण करून घेतलं आणि घरात बुद्धाच्या तसबिरीखाली लावलं. कोणी आलं की दाखवत, पण स्वतःचं नाव नाही दाखवत. खाली साहेबाच्या सहीजवळ बोट ठेवत आणि म्हणत, "साहेब म्हनले, देवमन, हे तुह्या एकट्यापुरतं नाही. तुह्या देखरेखीत जो मानूस पंप उचलंन, त्याच्या जिवाले तू जबाबदार." हे वाक्य प्रशिक्षणात साठ लोकांनी ऐकलं असेल. घरी आणलं ते दादांनी.

त्यांना वाचता यायचं, पण हळू. डब्याबरोबर ती पातळ घडीची माहितीपत्रिका येते ना, मुंगीएवढ्या अक्षरांची, ती वाचायला ते मला बसवायचे. माझ्या पदवीचा आयुष्यात झालेला हा एवढा एकच उपयोग. मी कंटाळून दोन ओळी गाळल्या की लगेच, "बी.ए., मागं जाय." मी म्हणायचो, तुम्हाला कसं कळलं? तर म्हणायचे, "इतक्या लवकर इथं नाही येत तू." ते माझ्या बोटाकडं पाहत बसलेले असायचे, कानानं नाही, डोळ्यानं ऐकत.

डब्यावरच्या रंगीत चौकोनाचं त्यांनी गावाला वेड लावलं. लाल म्हणजे सगळ्यात जहाल, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. शाळेतल्या पोरांना येता-जाता अडवून विचारायचे. पोरंही इतकी तयार झाली की एकदा माझ्या मेहुण्यानं लाल शर्ट घातला तर त्याला पाहून म्हणाली, लांब राहा, सगळ्यात जहाल आलं.

रिकाम्या डब्यांचं तर विचारू नका. आमच्याकडे रिकामा डबा म्हणजे घरची लक्ष्मी. धुतला की झालं, त्यात मीठ, डाळ, रॉकेल काहीही. माझ्या बायकोनं, सुनंदानं, असाच एक पांढरा, छान झाकणाचा डबा घासूनपुसून त्यात तुरीची डाळ भरली होती. दादा चहाला आले, त्यांची नजर फळीवर गेली. उठले, डबा काढला, डाळ अंगणात ओतली, आणि आमच्याच कुऱ्हाडीनं डब्याला चार भोकं पाडली.

"अहो भाऊजी, पाच किलो डाळ हाय ते!" सुनंदा किंचाळली.

"हाव ना. पाच किलो पोटात जायची व्हती म्हनून तं लवकर भोकं पाडले."

डाळ कोंबड्यांनाही खाऊ दिली नाही. खड्डा करून पुरली. सुनंदा दोन महिने त्यांच्याशी बोलली नाही, पण त्या दोन महिन्यांत तिनं घरातले आणखी तीन डबे स्वतःच फोडले. मला वाटतं, रागानं. ती म्हणते, नाही.

मग ते लाल कापडाचं झालं. फवारलेल्या शेतात ठरावीक दिवस कोणी जाऊ नये, गुरं सोडू नयेत, बायकांनी भाजी खुडायला शिरू नये, म्हणून दादा बांधावर काठी रोवून तिला लाल कापड बांधत. पहिल्या वर्षी माझ्याच शेताच्या कोपऱ्यावर बांधलं. तिसऱ्या दिवशी पाहतो तर काठीला हळदकुंकू, खाली नारळ, आणि दोन म्हाताऱ्या डोक्यावर पदर घेऊन हात जोडून उभ्या. बांधावर लाल कापड दिसलं की आमच्या बायांना देवच दिसतो, त्यात त्यांची काय चूक? दादांनी डोक्याला हात लावला. म्हणाले, "बी.ए., हे तं उलटं झालं. जिथं जाऊ नका म्हटलं तिथंच वारी लागली." मग त्यांनी कापडावर कोळशानं कवटी काढली. ती इतकी हसरी निघाली की म्हाताऱ्यांनी तिलाही कुंकू लावलं. शेवटी दादा स्वतः बांधावर बसून राहिले. दोन दिवस, दिवसभर. येणाऱ्याजाणाऱ्याला हात जोडून म्हणत होते, देव नाही माय, औषध हाय.

त्यांना कोणी भ्यायला लावू शकत नसे. गावातले मोठे शेतकरी नानासाहेब, ज्यांच्या विहिरीवर अर्धं गाव पाणी भरतं, त्यांनी एका सकाळी निरोप धाडला की आजच्या आज फवारणी पाहिजे. वारा सुटलेला. दादांनी माती सोडून पाहिली आणि म्हणाले, "आज नाही जमत."

"तुले कोण विचारून राह्यलं? मी सांगून राह्यलो."

"नानासाहेब, मले सांगून काय होते? मी आयकतो तुमचं. वारा तुमच्या विहिरीवर जाऊन राह्यला. त्याले तुमचं नाव सांगून पाह्यता का? आयकला तं मी पंप उचलतो."

नानासाहेबांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. पण मला आठवतं, ते परत वळले तेव्हा त्यांनी विहिरीकडं एकदा नीट पाहिलं. दुसऱ्या दिवशी पहाटे वारा पडल्यावर दादांनी फवारलं आणि नानासाहेब स्वतः तिथं चहा घेऊन आले.

त्याच सुमारास आम्ही वीस शेतकऱ्यांनी गट केला. औषधं एकत्र आणायची, एका खोलीत कुलूपबंद ठेवायची. खोली माझ्या मळ्यातली, गोठ्याला लागून पत्र्याची. चावी फक्त सर्टिफिकेटवाल्याकडे. औषध बाहेर काढायचं तर एक कागद भरायचा: कोणतं औषध, कोणाचं शेत, पंप कोण उचलणार, तारीख. खाली दादांची सही. ते मोठ्या मेहनतीनं सही करत, 'देवमन' मधल्या 'व' ला जरा थांबून. तारीख सगळ्यात शेवटी, त्या दिवशी सकाळी, वारा पाहूनच टाकत. चार वर्षांत आमच्या गटात कोणाला साधी चक्करही आली नाही. दादा हे कधी बोलून दाखवत नसत. पण हंगाम संपला की प्रल्हादच्या बायकोकडे जाऊन एवढंच सांगत, "औंदा कोनी नाही."

आता जे सांगायचंय ते मी घरच्या गोष्टींत कधी सांगितलेलं नाही. लग्नकार्यात मला मधे बसवतात, हसवायला. हे हसण्यासारखं नाही.

कपाशीला बोंडं धरलेली, अळी पडलेली. माझ्या शेताचा कागद दादांनी भरत आणला होता. पंप उचलणार ज्ञानदेव, आमच्याकडे वर्षानुवर्षं मजुरीला येणारा, चाळिशीचा, अबोल माणूस. सही झाली, एवढ्यात दादांना फोन आला. वडनेर भोलजीला दिलेल्या मुलीच्या पोटात, दिवस भरायच्या आधीच, दुखायला लागलं होतं. दादा हातातला पेन घेऊनच उठले.

"तारीख मी आल्यावर टाकतो, बी.ए.," म्हणाले. मग फाटकापाशी जाऊन परत आले आणि चावी माझ्या हातात ठेवली. "पाऊस आला तं पत्रा गळते. डबे वर उचलून ठेवजो. बाकी कुलूप उघडू नको."

"दादा, मी काय लहान आहे का?"

"लहान असता तं देली नसती."

दोन दिवस झाले, तिसरा लागला. पाऊस आला नाही. अळी मात्र रोज माझ्यासमोर बोंडं पोखरत होती, आणि बाजूच्या शेतकऱ्यानं त्याचं उरकून घेतलं होतं. वारा होता, पण मला वाटलं, फार नाही. माती सोडून पाहिली. माती मला काय सांगणार? मी कधी तिचं ऐकायला शिकलोच नव्हतो. अकराच्या उन्हात मी कुलूप काढलं. आणि खरं सांगतो, औषध बाहेर काढायच्या आधी मी खुर्चीवर बसून त्या कागदावर तारीख टाकली. माझ्या बी.ए.च्या वळणदार अक्षरात. सही तर होतीच. मला वाटलं, चला, सगळं नियमानं चाललंय.

ज्ञानदेवनं विचारलं, "दादाचा तो तोंडाचा मास्क? हातमोजे?" ते दादांच्या घरी होते. दादा वापरून झाल्यावर ते घरी नेऊन स्वतः धुवायचे.

मी म्हणालो, "असू दे, एकच तर एकर आहे."

तो गेला. कपाशी त्याच्या डोक्याच्या वर होती. मी लिंबाखाली पेपर वाचत बसलो. शब्दकोडं सोडवत होतो, तेही आठवतं. पंपाचा आवाज थांबला तेव्हा मला वाटलं, टाकी भरायला गेला असेल. बराच वेळ मला असंच वाटत राहिलं.

ज्ञानदेव मेला नाही. खामगावला नेलं, डॉक्टरांनी वाचवला. अकरा दिवसांनी घरी आला, पण हात थरथरायला लागले ते कायमचे. ग्लास धरला तर अर्धं पाणी सांडायचं.

दादा दुसऱ्याच दिवशी वडनेरहून आले. नातू झाला होता. त्याची बातमी त्यांनी कोणालाही सांगितली नाही. आल्यावर आधी दवाखान्यात गेले, मग माझ्या मळ्यात. माझ्यासमोर उभे राहून हात पुढे केला. मी चावी दिली.

चार दिवसांनी कृषी खात्याचे साहेब आणि एक पोलीस हवालदार पंचनाम्याला आले. बांधावर खुर्च्या मीच आणल्या, चहा मीच आणला. साहेबांनी विचारलं, शेतमालक कोण? मी म्हणालो, मी. ते म्हणाले, फवारणी होणार हे तुम्हाला माहीत होतं? आणि मी जे बोललो ते अजून माझ्या कानात आहे.

"ते सगळं सर्टिफिकेटवालेच पाहतात, साहेब."

यात एकही शब्द खोटा नव्हता. एवढं नीट वाक्य मला परीक्षेतही कधी जमलं नाही.

साहेबांनी कागद दादांपुढे धरला. "सही तुमची?"

"हाव. माही."

"तारीख?"

दादांनी कागद लांब धरला. जवळ आणला. पुन्हा लांब धरला. माझं अक्षर ते रोज पाहत होते, पत्रिका वाचून झाली की मी त्यांना महत्त्वाचं तेवढं वहीत उतरवून द्यायचो. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. पत्रिका वाचताना माझं बोट ओळ गाळून पुढं गेलं की पाहत, तसं.

"माहीच," म्हणाले.

"तुम्ही इथं हजर होता?"

"नव्हतो. पोरीकडं गेलतो. कुलूप माह्या जबाबदारीत व्हतं. चुकलं माहं."

तेव्हा मी काय करत होतो? मी साहेबांना विचारत होतो, साखर कमी चालेल का.

सर्टिफिकेट रद्द झालं. ते न्यायला माणूस घरी आला तेव्हा दादांनी स्वतः खिळ्यावरून काढलं, सदऱ्याच्या कडेनं पुसलं आणि दिलं. भिंतीवर तेवढा चौकोन स्वच्छ राहिला. कमलवहिनी म्हणाल्या, तिथं काहीतरी लावू. दादा म्हणाले, काही नको.

आठवड्यानं मी त्यांच्या घरी गेलो. रस्ताभर वाक्यं तयार केली होती, त्यातलं एकही आठवलं नाही.

"दादा, मी जाऊन सांगतो. तारीख मी टाकली म्हणून."

दादा ज्वारी निवडत होते. हात थांबला नाही. "चावी कोनं देली?"

"तुम्ही."

"सही करून तारीख कोनं कोरी सोडली?"

"दादा, पण मी..."

"तू उघडलं. हाव. ते मले दिसत नाही काय? तुह्यं अक्षर मी अंधारात वळखतो." खडा बाजूला टाकला. "पन ज्ञानदेवाच्या जिवाचं सर्टिफिकेट कोनाकडं व्हतं, बी.ए.?"

मी सुपात बोट घालून खडा शोधू लागलो.

"मंग? माह्या हिश्शाचं मी बोललो. मी काऊन दुसऱ्याच्या हिश्शाचं बोलू?"

"म्हणजे मी जाऊ? साहेबांकडे?"

तेव्हा पहिल्यांदा त्यांनी सूप खाली ठेवलं. "मले काऊन विचारतं बे? जायचं तं जाय."

मी घरी गेलो. म्हटलं, उद्या जाऊ. दुसऱ्या दिवशी म्हटलं, बुधवारी साहेब असतात. मग दसरा आला, वेचणी आली. मी गेलो नाही. आजवर नाही.

त्या वर्षीचा हंगाम संपल्यावर दादा प्रल्हादच्या बायकोकडे गेले नाहीत. आमचा गट हळूहळू मोडला. ज्याच्या त्याच्या घरात ज्याचे त्याचे डबे परत आले. पुढं दादा आणि कमलवहिनी मुलीकडे वडनेर भोलजीला राहायला गेले. तिथं ते दुसऱ्यांच्या शेतात निंदणीला जात असं ऐकलं. फवारणीला नाही. आणि त्यापुढच्या उन्हाळ्यात, दुपारी जेवून आडवे झाले ते उठले नाहीत. मला निरोप दुसऱ्या दिवशी मिळाला, सगळं उरकल्यावर.

त्याच्या तीन-चार महिने आधी मी त्यांना शेवटचं पाहिलं. खामगावच्या सरकारी दवाखान्यात मी माझी साखर तपासायला गेलो होतो. त्या वयात माझ्यासारख्यांकडे तपासायला तेवढंच असतं. व्हरांड्यात बाकावर ज्ञानदेव बसला होता. तपासणीसाठी सदरा उघडला असावा, तो तसाच उघडा. त्याच्यापुढे गुडघ्यावर बसून एक माणूस त्याची बटणं लावत होता. पाठ पाहूनच ओळखलं. वडनेरहून नांदुऱ्याला, नांदुऱ्याहून खामगावला, दोन गाड्या बदलून ते दर महिन्याला येत, हे मला मागाहून कळलं. ज्ञानदेवला आमच्या गावाहून पहिल्या गाडीत बसवायचं काम त्याची बायको करायची. खामगावला उतरला की पुढं दादा. माझ्या घरापासून त्याचं घर चार घरं पलीकडं, आणि मला हे माहीत नव्हतं.

मी खांबाआड सरकलो. खोटं कशाला सांगू, सरकलोच. पण दादांनी मान वळवली.

"बी.ए.," म्हणाले, जसं काही काल भेटलो होतो. "हे पिशवी धर जरा. इथं ओलं हाय."

मी पिशवी घेतली. कापडी, जुनी. आत ज्ञानदेवचे कागद, गोळ्या, एक भाकर बांधलेली. दादा पुन्हा बटणांकडे वळले. त्यांचीही बोटं आता जाड झाली होती, वेळ लागत होता. ज्ञानदेव मान वर करून बसला होता, माझ्याकडे पाहत नव्हता. वरचं बटण राहिलं होतं. मला म्हणायचं होतं, मी लावतो. तोंडही उघडलं.

"दादा..."

"झालं," ते म्हणाले आणि गुडघ्यावर हात देऊन उठले. ज्ञानदेवला दंडाला धरून उभं केलं. मग माझ्यासमोर येऊन त्यांनी हात पुढे केला, आणि मी पिशवी परत दिली.